ओळखीतला माणूस

माझं काम सांगायला सोपं आहे. सिरीयलचा एपिसोड जोडून झाला, की लोकांच्या तोंडी बसलेलं एखादं जुनं गाणं त्यात कुठे वाजवायचं, ते मी ठरवतो. दर एपिसोडला एक गाणं, हा आमच्या मालिकेचा नेम होता. लोक गोष्ट विसरतात हो, पण नवरा बॅग उचलून निघाला तेव्हा शेजारच्या रेडिओवर काय लागलं होतं, ते विसरत नाहीत. तेवढ्यासाठी मला पगार मिळतो.

माझे वडील चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतात. दुकान आमचंच, हातभर रुंद. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, अलीकडे उंच खुर्ची, आणि गल्ल्यावर ताई. बाबा लहानपणापासून तोतरे. एखाद्या अक्षरावर अडकले की मान ताणली जाते, डोळे मिटतात आणि समोरचा माणूस उगाच बूट बघायला लागतो. पण गाताना ते कधी अडकत नाहीत. आई म्हणायची, "देवाने एक दार लावलं आणि खिडकी विसरला बघ." म्हणून बाबा नंबर काढायचे ते गाऊनच. नावाड्याचं एक गाणं आहे, आमच्या लहानपणी घराघरात वाजायचं, त्याच्या चालीवर "आता बरं दिसतं, की मघाशी बरं होतं?" असं विचारायचे. आधी अंगठ्याने टेबलावर तीन ठोके, मग सूर. एरवी डोळे तपासायचं म्हटलं की घाबरणाऱ्या म्हाताऱ्या त्यांच्या खुर्चीत खुदुखुदु हसायच्या. त्या हसण्यात बोच नव्हती. बाबाही हसायचे.

एवढं सगळं मला ठाऊक होतं. म्हणजे न कळून झालं, असं म्हणायची सोय देवाने मला ठेवलेली नाही.

त्रेचाळिसाव्या एपिसोडात एक प्रसंग पडत होता. ऑफिसातला एक कारकून साहेबांपुढे पगारवाढ मागतो आणि त्याला बोलता येत नाही, एवढंच. बघताना जांभया येत होत्या. दिग्दर्शक माझ्याकडे वळून म्हणाला, "गाणेवाले, काहीतरी करा. नाहीतर हा माणूसच कापतो."

मी उठलो. का उठलो? चार हुशार माणसांनी आपल्याकडे बघावं म्हणून, दुसरं काय. मान ताणली, डोळे मिटले, एका अक्षरावर अडकून बसलो, टेबलावर अंगठ्याने तीन ठोके दिले आणि नावाड्याच्या चालीवर पगारवाढ मागितली.

खोली फुटली हसून. लेखिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे, हा कुठला नग आणलास?"

"आहे एक ओळखीतला माणूस," मी म्हणालो.

बघा, कोणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. 'माझे वडील' म्हणायला 'ओळखीतला माणूस' म्हणण्याइतकाच वेळ लागतो. पण एवढ्या हशानंतर ते शब्द माझ्या तोंडून निघेनात.

मग मी मन लावून काम केलं. नटाला अंगठा शिकवला. कारकून अडकतो त्या नेमक्या अक्षरावर खरं गाणं, त्याच्या सगळ्या बासऱ्यांसकट, असं उसळवलं की ऑफिसातली माणसं टेबलं बडवत हसतात. साहेब हसून हसून खुर्चीतून घसरतो. पगारवाढ मात्र मिळत नाही.

दर एपिसोड संपला की बाबांचा फोन यायचा. फोनवर बोलणं त्यांना सगळ्यांत अवघड, म्हणून ते नुसतं त्या दिवसाचं गाणं गुणगुणायचे आणि ठेवून द्यायचे. म्हणजे आवडलं. त्या दिवशी फोन आला नाही. मी मनाशी म्हणालो, दिवे गेले असतील.

तो प्रसंग मात्र वाऱ्यासारखा पसरला. बसच्या रांगेत लोक तीन ठोके देऊन गाऊ लागले. पंधरा दिवसांनी एका वाहिनीने मालिकांमधल्या कायम लक्षात राहिलेल्या गाण्यांचा कार्यक्रम केला आणि आमचं पहिलं आलं. मला नवा सदरा घालून बसवलं, तोंडाला पावडर लावली. निवेदिका म्हणाली, "हे सुचलं तरी कसं हो?"

"ओळखीतला एक माणूस आहे," मी पुन्हा म्हणालो. आणि वर जोड दिली, "भारी गमतीशीर."

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन.

"टीव्हीवर छान दिसत होतास," ती म्हणाली. तिने छान म्हटलं की सांभाळून राहावं.

"बाबा कसे आहेत?"

"ठीक. दुकानात बोलत नाहीत. पुठ्ठ्याच्या पाट्या केल्यात त्यांनी. 'डावा डोळा झाका', 'उजवा डोळा झाका', 'खालची ओळ वाचा'. एकेक वर धरतात."

"कधीपासून?"

"पहिले आठ दिवस लोक येऊन सांगत होते, करा ना ते टीव्हीतलं. एकाने तर बाबांचाच अंगठा धरून टेबलावर आपटला. तेव्हाही बोलत होते रे, रडतखडत का होईना. कालपासून बंद."

"काल काय झालं?"

"ते तूच येऊन विचार," असं म्हणून तिने फोन ठेवला.

सकाळच्या गाडीने मी गेलो. वाटभर वाक्यं जुळवत होतो. लोकांचं हसणं मनावर घेऊ नका, आठ दिवसांत विसरतील. चॅनलला सांगून तो प्रसंग काढायला लावतो. असली बरीच. दुकानात शिरलो तर बाबा भिंगांची पेटी पुसत होते. त्यांनी मला पाहिलं, मानेने खुर्ची दाखवली आणि पेटीकडे वळले. ताई गल्ल्यावर पावतीपुस्तक उघडून बसली होती, पण पान काही उलटत नव्हती.

मी खुर्चीत बसलो. वाक्यं सगळी वाटेतच सांडली होती.

"बाबा, तो कारकून मी दिला त्यांना. तुमची नक्कल करून दाखवली मी. चुकलो."

बाबांनी फडकं खाली ठेवलं. बोलू लागले आणि पहिल्याच अक्षरावर अडकले. मान ताणली गेली. लहानपणापासून आम्हा दोघांना सवय: बाबा अडकले की शब्द आपणच पुरवायचा आणि वाट मोकळी करायची. मी तोंड उघडलं, तोच ताईने गल्ल्यावर हात आपटला. "थांब ना जरा!"

मी थांबलो. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"न... नक्कल कर रे," बाबा म्हणाले. "नक्कल मी पण क... करतो तुझी. झोपेत घोरतोस ती." पुन्हा बराच वेळ गेला. "ओ... ओळखीतला म्हणालास. प... परवा. सगळ्यांपुढे."

मला वाटलं होतं लोकांच्या हसण्याने घाव घातला. लोकांचं हसणं त्यांनी जन्मभर खिशात घालून फिरवलं होतं. घाव माझाच होता, आणि तो मी पावडर लावून, हसत घातला होता.

"मी पुन्हा जातो त्यांच्याकडे," मी घाईने म्हणालो. "सगळं खरं सांगतो. माझे वडील आहेत म्हणून सांगतो. ते बोलावतील, आवडेल त्यांना..."

"हं," ताई म्हणाली. "आणि पुन्हा टाळ्या घे. या वेळी डोळे पुसत."

बाबांनी नुसती मान हलवली. नको.

"मग काय करू मी?"

"ब... बस," ते म्हणाले. "गि... गिऱ्हाईक येईल."

मला खुर्चीतून उठवून त्यांनी भिंतीकडच्या स्टुलावर बसवलं. जायला सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. त्या स्टुलावर बसून मी पाट्यांकडे बघत राहिलो. अक्षर सुरेख, शाळेतल्यासारखं वळणदार. देवा, मनात म्हटलं, मला काहीतरी काम सांग, नुसतं बसवू नकोस. पण बसायचंच होतं.

अकराच्या सुमाराला एक बाई आल्या, शिवणकाम करणाऱ्या. खांद्यावर मोजपट्टी तशीच. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणाल्या. खुर्चीत बसता बसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"अय्या, हे टीव्हीवर होते ना? ते गाण्यावाले? इथे कसे?"

मी उठून उभा राहिलो. हीच ती वेळ होती. मी सांगणार होतो, अगदी जिभेवर आलं होतं. पण बाबांनी हात वर केला आणि मला थांबवलं. पाट्यांचा गठ्ठा त्यांनी ताईकडे सरकवला आणि बाईंकडे वळले.

"हा मा... माझा..." आणि अडकले.

मान ताणली, डोळे मिटले. बाई आधी तक्त्याकडे बघू लागल्या, मग मोजपट्टी गुंडाळू लागल्या. अक्षर येत होतं, परत जात होतं. बाबांच्या गळ्याची शीर तटतटून वर आली. गायले असते तर एका दमात मोकळे झाले असते. गायले नाहीत. हा शब्द त्यांना बोलूनच सांगायचा होता, आणि तो मला उभ्याने ऐकायचा होता. मला मान वर करवेना.

"मु... मु... मुलगा," बाबा म्हणाले. "धाकटा."

"असं होय!" बाई म्हणाल्या. "मग बरोबर."

बाबांनी कपाळ पुसलं, बाईंच्या नाकावर फ्रेम बसवली आणि पहिलं भिंग उचललं.