घासलेला नंबर

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो, आणि आता बोलायचाही कंटाळा येतो. तरी ऐका. घाबरायचं कारण नाही, माझा चाप ओढला तर नुसता टक् आवाज येतो.

कारखान्यात माझ्या नळीवर ४७३१ हा नंबर ठोकला. तोच नंबर बोल्टवरही. बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलणारा, मागेपुढे सरकणारा दांडा. दहा हजार रायफली झाल्या की नंबर पुन्हा एकपासून सुरू व्हायचे, फक्त नंबराआधीचं अक्षर बदलायचं. त्यामुळे ४७३१ नंबरच्या माझ्या बहिणी पुष्कळ आहेत.

मी एका अबोल शिपायाच्या हाती आले. त्याने मला जिवापाड जपलं. त्याचा मित्र मात्र इतका बडबड्या की सगळी पलटण त्याला 'रेडिओ' म्हणायची. एका सकाळी दोघं एकाच फडक्यावर बोल्ट पुसत बसले होते. रेडिओच्या बडबडीच्या नादात बोल्टची अदलाबदल झाली. ते दुपारी लक्षात आलं.

"राहू दे रे, संध्याकाळी बदलू," रेडिओ म्हणाला.

संध्याकाळी तो लढाईवरून परत आला नाही. त्याचा २०८६ नंबरचा बोल्ट माझ्यातच राहिला. माझ्या शिपायाने तो कधीच बदलून घेतला नाही.

लढाई संपली. मला गोदामात टाकलं. तिथे किती वर्षं गंज खात पडले ते आता आठवतही नाही. मग जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने मला उचललं, तेल दिलं, तोंडभर कौतुक केलं. माणूस वाईट नव्हता. पण नळीचा नंबर एक आणि बोल्टचा दुसरा, हे पाहून त्याला चैन पडेना. त्याने २०८६ घासून काढला आणि तिथे ४७३१ ठोकला.

"आता कशी शोभतेस," तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे मी संग्रहालयात आले. मागच्या महिन्यात सत्तरी ओलांडलेली एक बाई आपल्या वडिलांची वही घेऊन आली. माझ्या शिपायाची मुलगी. जुनी शस्त्रं तपासणाऱ्या गृहस्थांना इथे सगळे भिंगकाका म्हणतात. त्यांनी वही पाहिली.

"ताई, नंबर बरोबर आहे. पण नंबराआधीचं अक्षर लिहिलेलं नाही. असे ४७३१ बरेच असतील."

"पुढचं पान बघा ना. 'माझ्या रायफलीत त्याचा बोल्ट, २०८६.' बाबा जाताना एवढंच म्हणाले, त्याचं नाव कुठेतरी लाव गं. त्याला कुणीच नव्हतं."

भिंगकाकांचा चेहरा खुलला. "मग तर झालंच काम. अशी जोडी दुसरीकडे सापडायची नाही. जुळलं तर दोघांची नावं पाटीवर लावू."

त्यांनी बोल्ट काढला आणि त्यावर भिंग धरलं.

"इथेही ४७३१च आहे," ते म्हणाले. मग बोल्ट खिडकीपाशी नेऊन तिरपा केला. "पण ठसा नवा आहे. कुणीतरी जुना घासलाय. शेवटच्या आकड्याची एक वळणदार रेघ तेवढी दिसते. सहा असेल. नसेलही."

"मग लिहाल ना?"

"खात्री नसताना कसं लिहू, ताई?" त्यांचा आवाज पडला होता.

बाईंनी वही मिटली. "हात लावला तर चालेल?"

बोल्टवर तळवा ठेवून त्या उभ्या राहिल्या, थंड लोखंड कोमट होईपर्यंत. मी त्यांच्या बाबांची होते, मित्रांनो, आणि मला ते सांगता येत नव्हतं. इतकी हतबल मी लढाईतही झाले नव्हते.

जुन्या वस्तू पुसा, तेल द्या, जपा. पण त्यांच्यात काही न जुळणारं दिसलं, तर लगेच कानस हाती घेऊ नका. आधी ते का जुळत नाही, हे कुणाला तरी विचारा.

माझ्याखालच्या पाटीवर 'शिपाई अज्ञात' असं लिहिलं आहे. रेडिओचा बोल्ट अजून माझ्यापाशीच आहे.