तेरा खोटे मेसेज

इस्पितळाच्या अतिदक्षता विभागाबाहेर चौदा पेशंटांचे नातेवाईक बसले होते, आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी चौदाही फोन एकदम वाजले. 'आपला रुग्ण दगावला आहे. इस्पितळ आपल्या दुःखात सहभागी आहे.'

रडारड सुरू व्हायच्या आत एका टॅक्सीवाल्याने शंका काढली. एकाच मिनिटाला चौदाच्या चौदा? आत काय बस उलटली?

दार अकराशिवाय उघडत नसे आणि घंटा कोणी ऐकत नसे, म्हणूनच मेसेजची सोय होती. ती सोय करणारा प्रोग्रामर तिथेच, आपल्या ताईशेजारी बसला होता. त्यांचे बाबा आत होते. मेसेज त्यालाही आला होता. त्याला घाम फुटला. मुलगा म्हणून की प्रोग्रामर म्हणून, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मग त्याने सगळ्यांना समजावलं. क्वेरी, म्हणजे मेसेज पाठवायचा हुकूम, एकदाच तयार करून ठेवायची. तिच्यात दोन जागा मोकळ्या, एक फोन नंबरची, एक तब्येतीची. दर पेशंटाला त्या नव्याने भरायच्या आणि क्वेरी चालवायची. काल साहेबांवर छाप पडावी म्हणून त्याने कोड जरा आवरला, आणि त्या आवराआवरीत तब्येत भरायची ओळ लूपच्या, म्हणजे दर पेशंटाला पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, बाहेर पडली. आता नंबर दर वेळी नवा, तब्येत मात्र यादीतल्या पहिल्या पेशंटाची.

"म्हणजे तेरा खोटे," टॅक्सीवाला म्हणाला.

चेहरे उजळले. कोणीतरी प्रोग्रामरच्या पाठीवर थाप मारली. चौदावा खरा आहे हे ध्यानात यायला पाऊण मिनिट गेलं. त्यानंतर कोणी कोणाकडे बघेना. जो तो मनातल्या मनात तो मेसेज शेजारच्याच्या गळ्यात घालत होता, अगदी सभ्यपणे.

पहिलं नाव कोणाचं, ताईने हळूच विचारलं. तो म्हणाला, बघावं लागेल, यादी कशीही येते.

"मग नको बघूस. अकरापर्यंत तरी नको."

पण तेरा घरं त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने लॅपटॉप उघडला, पहिलं नाव वाचलं आणि श्वास सोडला. हसला असं म्हणता येणार नाही; नुसते खांदे खाली आले. ताईने त्याचा हात घट्ट दाबला. मग त्याची नजर वर गेली, ती समोर मांडीवरच्या ब्लाउजला हुक शिवत बसलेल्या शिंपीणबाईंवर.

त्यांनी सुई कापडात खोचली.

"आमचे का?"

"मावशी," तो म्हणाला.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुमचे वडील आहेत ना?"

त्याने मान डोलावली.

तेरा घरांनी मिळून त्यांचं सांत्वन केलं. इतकं मनापासून केलेलं सांत्वन त्या बाकांनी क्वचितच पाहिलं असेल. तोवर प्रोग्रामरने ओळ जागेवर नेली आणि दुरुस्तीचे मेसेज धाडले, तेरा. शिंपीणबाईंना पाठवायचं कारण नव्हतं. त्यांचा पहिल्यापासून बरोबर होता.