मुकादम पुढे बघतो

गाडी धाकटी बहीण चालवत होती आणि शेजारी बसून आक्काही चालवत होती. म्हणजे स्टिअरिंग धाकटीच्या हातात. पण ब्रेक दाबायची आक्का. तिच्या पायाखाली ब्रेक कुठला असायला, नुसतं रबरी पायपुसणं होतं. तरी दर वळणाला ती ते असं दाबायची, की बिचाऱ्याचा जीव जावा.

"हळू! अगं, पुढे वळण असेल!"

"दिसतंय मला, आक्का."

"तुला दिसतंय ते माहितीये मला," आक्का फणकारली.

आक्काचं चुकत होतं असंही नाही हो. उभा जन्म तिनं अॅम्ब्युलन्स चालवली होती. सायरन लावून बोळाबोळातून अशी गाडी काढायची, की आतल्या पेशंटला नर्स इंजेक्शन देत असली तरी सुई हलू नये. सगळं जग बाजूला होऊन तिला वाट द्यायचं. त्याची इतकी सवय झाली होती, की लग्नकार्यात जेवणाच्या रांगेतसुद्धा ती त्याच थाटात शिरायची आणि लोक खरंच बाजूला व्हायचे.

आणि गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. पूर्ण नाही. गेलं ते फक्त मधलं. जिथे बघावं तिथे बरोबर मध्यभागी एक करडा डाग, ओल्या बोटानं पाटी पुसल्यासारखा. कडेचं सगळं शाबूत. माणसाकडे बघितलं की त्याचं तोंड गायब, पण कान दिसायचे, खांदे दिसायचे, मागून कोण चाललंय तेही दिसायचं. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढणार नाही, पण बरंही होणार नाही. गाडी मात्र बंद. लायसन्स गेलं आणि आक्कानं घराचं दार लावून घेतलं. दुसऱ्यानं न्यायचं आणि आपण पोत्यासारखं बसायचं, त्यापेक्षा घर बरं, असं तिचं म्हणणं. भाचीच्या वाढदिवसालाही गेली नाही. भल्या माणसांनी भेटायला यायचं आणि हिनं त्यांना फाडून खायचं, असं चाललं होतं.

धाकटीनं सगळे उपाय करून बघितले. शेवटी तिला कुठूनतरी कळलं, की दोन तासांच्या अंतरावर एक तबेला आहे. शनिवार-रविवार राहायला खोली मिळते, घोड्यावर बसायला शिकवतात. आक्का नाहीच म्हणाली. तेव्हा धाकटी सहज बोलून गेली, "घोड्याला लायसन्स लागत नाही, आक्का."

आक्का उठली आणि बॅग भरायला लागली. आपल्या हातानं काहीतरी चालावं, एकदा तरी, एवढंच तिला हवं होतं. तेवढ्यासाठी ती सिंहावरही बसली असती.

तबेल्याच्या मालकीणबाई म्हणजे एक प्रकरणच होतं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केसांत गवताच्या काड्या आणि आवाज असा, की कुजबुजल्या तरी पलीकडच्या कुरणातले घोडे मान वर करून बघायचे. त्यांनी दोघींना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, धाकटीला एक तांबूस घोडी दिली आणि आक्काला एक पांढरा म्हातारा घोडा. त्या घोड्याला लांब दोरी बांधली, दोरीचं टोक आपल्या हातात धरलं आणि रिंगणाच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"पाठ ताठ! टाचा खाली! हं, चला!"

आक्का गोल फिरली. मग आणखी गोल फिरली. घोडा इतका शहाणा होता, की आक्कानं लगाम ओढला काय, सोडला काय, तो आपला बाईंच्या दोरीकडे कान देऊन चालायचा. जत्रेतल्या पाळण्यात बसवलेल्या पोरासारखं वाटलं तिला. तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि धाकटी? कपाळ आमचं! जी बाई घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जायची नाही, ती सुरुवातीला लाकडासारखी ताठ बसली होती खरी; पण थोड्याच वेळात हसायला लागली. दुपारनंतर तर तिची घोडी दुडक्या चालीनं रिंगणाबाहेरच्या मैदानात निघाली, आणि ही वर उसळत, ओढणी उडवत, "आक्का, बघ! आक्काऽ!" म्हणून ओरडतेय. आक्कानं मान जराशी तिरकी केली, तेव्हा डागाच्या कडेला धाकटी सापडली. इतकी खूश तिला आक्कानं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. बरं वाटलं. आणि मत्सरही वाटला, खोटं कशाला बोला. लहानपणापासून पुढे असायची ती आक्का, आणि मागून रडत यायची ती धाकटी. हे उलटं कधी झालं?

संध्याकाळी तबेल्यामागे तिला चाकांचा आवाज आला. जाऊन बघते तर बग्गी! दोन माणसं पुढे, दोन मागे बसतील अशी, चार चाकांची. बाई एका काळ्या, रुंद छातीच्या घोड्याचा साज उतरवत होत्या.

"हा मुकादम," बाई म्हणाल्या. "सगळ्यांवर देखरेख करतो, म्हणून मुकादम. स्वतःचं काम मात्र चोख."

"आणि डोळ्यांना हे काय बांधलंय?"

"झापडं. गाडीच्या घोड्याला लावावीच लागतात. बाजूचं काही दिसलं की बिचकतो, मागे चाकं फिरताना दिसली की आणखी बिचकतो. झापडं लावली की फक्त समोरचं दिसतं. मग बिनघोर चालतो."

आक्कानं लगामाच्या लांब पट्ट्यांवरून हात फिरवला. चामडं मऊ होतं, हातात बसत होतं. "मला शिकवाल?"

"शिकवेन की. उद्या सकाळी. नजर चांगली आहे ना तुमची?"

धाकटी दारातच उभी होती.

"घारीसारखी," आक्का म्हणाली.

खोलीवर गेल्यावर धाकटी तिच्यावर तुटून पडली. "आक्का, हे काय बोललीस तू? उद्या कुणाला लागलं म्हणजे?"

"खरं सांगितलं असतं तर दिली असती का बग्गी? परत दोरीला बांधलं असतं मला." मग आक्काचा आवाज एकदम खाली आला. "उद्या घरी गेल्यावर मी आहेच की पोतं. एक दिवस दे मला. एकच."

बाईंना काही सांगायचं नाही असं धाकटीनं ठरवलं, आणि तिथेच तिचं चुकलं.

रविवारची सकाळ छान उजाडली होती. आक्का पुढे उजवीकडे, तिच्या शेजारी बाई, मागच्या बाकावर धाकटी जीव मुठीत धरून. बाईंनी लगाम बोटांत कसा धरायचा ते दाखवलं. ओढायचं नाही, नुसतं जाणवू द्यायचं. आक्काला सांगायलाच लागलं नाही. लगामाच्या त्या टोकाला मुकादमचं तोंड तिला असं कळत होतं, जसं पूर्वी तळव्यांना रस्ता कळायचा. कुरणाच्या कडेनं रुंद कच्चा रस्ता होता. मुकादमनं दुडकी धरली, चाकं खडखडली, गार वारा तोंडावर आला आणि आक्का मोठ्यानं हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

"अहो, तुम्ही जन्मजात आहात!" बाई ओरडल्या आणि बिनधास्त मागे वळून धाकटीशी गप्पा मारायला लागल्या.

पुढे रस्त्याच्या मधोमध कुणीतरी शेणखताची हातगाडी सोडून गेलं होतं. आक्काच्या डागात ती अख्खी मावली. मुकादमला दिसली, तो आपला समंजसपणे बाजूला झाला. पण आक्काला वाटलं, घोडा उगाच भरकटतोय. तिनं लगाम ओढून त्याला परत मध्ये आणलं. घोडा कसाबसा निसटला, चाक काही निसटलं नाही. धाडकन आवाज झाला, हातगाडी उलटली, बग्गी एका बाजूला कलली आणि पुन्हा सरळ झाली. मुकादम थरथरत जागेवर उभा राहिला.

"एवढी हातगाडी दिसली नाही तुम्हाला?" बाईंनी लगाम हिसकावून घेतला.

आक्का म्हणाली, "नाही दिसली. मला मधलं दिसत नाही. वर्ष झालं."

बाईंचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला, आणि तो मोठ्या आवाजापेक्षा वाईट होता. "त्याचा पाय मोडला असता, कळतंय का? तुम्हाला दिसत नाही यात तुमचा दोष नाही. पण तुम्ही मला थाप मारलीत. मागे तुमची सख्खी बहीण बसलीये!"

आयुष्यभर दुसऱ्यांचे जीव सांभाळून नेणारी बाई, आणि आज आपल्याच बहिणीला घेऊन धडकली. शरमेनं तिचे कान तापले. मागून धाकटीचा हात तिच्या खांद्यावर आला. तो झटकून टाकावा इतकाही जोर तिच्यात उरला नव्हता.

बाईंनी बग्गी वळवली. मुकादम अजून बावरलेला होता, शेपूट आपटत होता. बाई समोर रस्त्यावर डोळे रोखून त्याला चुचकारत होत्या. आक्का कुठेच बघत नव्हती. आता काही बघायचंच नव्हतं. आणि न बघता बसलेल्या माणसाला जे दिसतं, ते तिला दिसलं. पार उजवीकडे, कुंपणाच्या आत, गवताच्या गंजीवरची ताडपत्री. तिचा एक कोपरा सुटला होता. मग दुसरा.

"उजवीकडे ताडपत्री सुटतेय!" आक्का ओरडली. हा तिचा अॅम्ब्युलन्समधला आवाज होता, ज्यावर कुणी उलट प्रश्न विचारत नसे. "धरा त्याला! आत्ता!"

बाईंनी विचार न करता लगाम घट्ट केला. वाऱ्याचा झोत आला, ताडपत्री गंजीवरून उडाली आणि कुंपणावर फाडकन आपटली. मुकादमनं जागच्या जागी उडी घेतली, पण बाईंच्या हातांनी त्याला आधीच धरलेलं होतं. दोन पावलं नाचला आणि थांबला. एक क्षण उशीर झाला असता, तर तो बग्गीसकट कुरणापार गेला असता.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "मला कशी नाही दिसली ती?"

"तुम्ही समोर बघत होतात," आक्का म्हणाली. "मला समोरचं नाही, पण बाजूचं सगळं दिसतं. कुरणात त्या टोकाला एक शिंगरू आडवं पडलंय, ते दिसतंय. तुमच्या बुटाची टाच फाटलीये, तीही दिसतेय." ती थांबली. मुकादमच्या झापडांचा चामड्याचा पट्टा तिला डागाच्या कडेला अर्धवट दिसत होता. "याला बाजूचं दिसत नाही. मला पुढचं. मघाशी त्याला हातगाडी दिसली होती. तो बाजूला होत होता, मीच ओढलं त्याला. माझं ते चुकलं." तिनं तळवे पुढे केले. "परत द्या मला."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"काल खोटं बोलून मागितला होता लगाम. आता खरं बोलून मागतेय."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग मुकादमकडे, मग आभाळाकडे. आभाळाकडूनही काही मदत आली नाही. "संथ चालीनं," त्या शेवटी गुरगुरल्या. "माझा हात लगामावर राहणार. आणि पुन्हा त्याला ओढलंत तर मी तुम्हाला खाली उतरवून चालत घरी पाठवीन."

"अहो, निदान मला तरी खाली उतरू द्या," धाकटी मागून म्हणाली.

"बस तू गप," दोघी एकदम म्हणाल्या.

तबेल्याचं फाटक चढावरून खाली उतरल्यावर लागायचं. दगडी खांब दोन्हीकडे, आणि मधून बग्गी जेमतेम जाईल एवढीच जागा. आक्काला ते फाटक दिसतच नव्हतं. ते अख्खं डागाच्या पोटात होतं. मुकादम उताराला लागला आणि आक्काच्या हातांना जुनी सवय आठवली: धर, आवळ, तूच ने. आजवर तिच्यासाठी पुढचं दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं. भीती वाटली तिला. सायरन लावून लाल सिग्नल तोडताना वाटली नव्हती, एवढी.

"जा रे बाबा," ती हळूच म्हणाली आणि बोटं सैल केली.

मुकादमनं कान पुढे केले. चालत राहिला. काहीच दिसेना, काहीच दिसेना, आणि मग डागाच्या डाव्या कडेतून एक खांब बाहेर आला. त्याच क्षणी उजव्या कडेतूनही दुसरा. एकदम, सारख्या अंतरावर. म्हणजे आपण बरोबर मध्ये आहोत! डावा थोडा जवळ येतोय वाटताच तिनं उजव्या लगामाला बोट लावलं, नुसतं बोट, आणि मुकादमला कळलं. खांब दोन्ही बाजूंनी मागे गेले, कुठे घासलं नाही, कुठे टेकलं नाही. बाईंचा हात लगामावरून केव्हा निघाला होता, ते बाईंनाही सांगता आलं नसतं.

मुकादम अंगणात जाऊन आपणहून थांबला. आक्का रडत होती आणि ते लपवायचं तिला सुचलंही नाही.

"झालं का पार?" मागून बारीक आवाज आला. धाकटीनं दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले होते.

"झालं," आक्का म्हणाली. "उघड डोळे. आणि पुढे येऊन बस, अजून एक फेरी मारायचीय आपल्याला."