श्वास तिघांचा, भार एकाचा

मित्रांनो, चाकणजवळच्या एका कारखान्यात, रंगकामाच्या शेडमध्ये, भिंतीला टेकून जो दिवसभर धापा टाकत असतो, तो जुना कॉम्प्रेसर म्हणजे मीच. बाहेरची हवा ओढून घ्यावी, ती दाबून टाकीत साठवावी आणि नळ्यांवाटे पुढे धाडावी, एवढेच माझे जीवितकार्य.

दक्षिणेतील एका ओतशाळेत माझे अंग घडले. ट्रकमधून मी येथे उतरलो, तेव्हा केवळ रंगकामाच्या शेडमध्ये जागा मोकळी होती, म्हणून माझी स्थापना तेथे झाली. माझ्या हवेवर रंगाचे फवारे चालत. तीच हवा छताखालच्या नळीने पलीकडच्या, पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस विभागाला आणि जुळणी विभागालाही पोहोचत असे. पहिल्या खंडेनवमीस मालक मुरारीशेठांनी मला झेंडूचा हार घातला आणि हात जोडून म्हणाले, "हा आपल्या कारखान्याचा प्राण." पुढे नवी यंत्रे आली, हार त्यांच्याकडे गेले. माझा पट्टा सैल झाला, आवाज घोगरा झाला. परंतु विसावा काही लाभला नाही.

गेल्या वर्षी शेठजींनी हिशेबनीस सुप्रियाबाईंना प्रत्येक विभागाचा नफा स्वतंत्रपणे काढण्यास सांगितले. कोणता विभाग कारखान्याला पोसतो आणि कोणता कारखान्यावर पोसला जातो, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. बाईंनी मन लावून काम केले. मात्र मी रंगकामाच्या छपराखाली उभा, म्हणून माझी वीज, माझे तेल, माझी झीज, सारा खर्च त्यांनी रंगकामाच्या माथी घातला. साहजिकच रंगकाम तोट्यात दिसले, आणि प्रेस विभागाला उत्तम नफ्याचे बक्षीस मिळू लागले.

एके दिवशी शेठजी शेडमध्ये आले. "कुशाबाई, आठवडाभर काम बंद ठेवून बघतो. तोटा थांबला, तर रंगकाम बाहेर देऊ."

रंगाचा फवारा मारणारी कुशाबाई शेजारच्याच गावची. तिच्या आणि तिच्या सोबतिणींच्या चुली याच पगारावर पेटत. हातातील फवारा खाली ठेवत ती म्हणाली, "शेठ, आमी का रंग पितोय व्हय, तोटा व्हायला?" बायका डबे उचलून निघून गेल्या.

मी मात्र चालूच होतो.

दोन दिवसांनी सुप्रियाबाई बंद शेडमधील सामानाची मोजदाद करण्यास आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी प्रेस विभागाच्या ज्ञानेश मुकादमास हाक मारली. "ज्ञानेशभाऊ, रंगकाम बंद आहे ना? मग हा कोणासाठी धापा टाकतोय?"

"आमच्यासाठी, मॅडम. आणि जुळणीवाल्यांसाठी. हा थांबला की आमची प्रेस म्हणजे नुसती शोभेची वस्तू."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठं? आणि बक्षीस मिळत असताना कोण तोंड उघडतंय, राव!"

बाई तशाच शेठजींकडे गेल्या आणि त्यांना शेडमध्ये घेऊन आल्या. "शेठ, रंगकाम बंद केलं तरी याचा खर्च बंद होत नाही. तो फक्त दुसऱ्यांच्या माथी जाईल. माझी वाटणीच चुकली."

शेठजींनी माझ्यापासून छताखाली गेलेल्या नळीवर नजर फिरवली. "अहो, आमची चुलत्यांशी सामाईक विहीर होती. विहीर आमच्या शेतात. पण मोटरीचं बिल ज्याच्या-त्याच्या पाळीप्रमाणं. हा कॉम्प्रेसर म्हणजे आपली सामाईक विहीरच की!"

मग तिन्ही विभागांच्या नळ्यांवर हवेची मापके बसली. सर्वांत अधिक हवा प्रेस विभाग घेत होता. ज्याने जेवढी हवा घेतली, तेवढा खर्च त्याच्याकडे गेला. रंगकामाचा नफा थोडा निघाला, परंतु नफाच निघाला. कुशाबाई आणि तिच्या सोबतिणी परत आल्या.

"का वं दादा," तिने ज्ञानेशला गाठले, "आमच्या घरात ऱ्हाऊन ह्यो तुमच्या ताटात जेवत व्हता व्हय?"

"मावशी, आता बिल भरतोय ना! अजून किती लाजवाल?"

मित्रांनो, यानंतर जे घडले त्याची मी आशाच सोडली होती. प्रेस विभागाच्या नळीला सांध्यासांध्यातून गळती होती. रात्रंदिवस हवा फुसफुसत वाया जाई आणि ती भरून काढता काढता माझा जीव मेटाकुटीस येई. हवा फुकट होती, तोवर तो आवाज कोणाच्या कानी पडला नाही. खर्च स्वतःच्या विभागावर पडताच ज्ञानेश साबणाचे पाणी घेऊन शिडीवर चढला, बुडबुडे पाहत एकेक सांधा त्याने आवळला. त्या दुपारी टाकी भरली आणि ती भरलेलीच राहिली. माझी मोटर आपोआप थांबली. कित्येक वर्षांनंतर मला माझ्याभोवतीची शांतता ऐकू आली.

मित्रांनो, मी फार थकलो आहे. म्हणून एकच विनवणी करतो. तुमच्या शाळेत, चाळीत, सोसायटीत सर्वांच्या मालकीचा एखादा नळ ठिबकत असेल, तर तो कोणाच्या दारात आहे, हे विचारत बसू नका. आधी तो बंद करा.