अकरा बॉल

"कोच, तुम्ही मोठ्या लीगमध्ये नक्की किती बॉल टाकलेत?"

विचारून झालं आणि हेझलनं हळूच मागं पाहिलं. बाकावर ऊर्मी आणि बाकीच्या पोरी टोप्यांत तोंडं खुपसून खिदळत होत्या. विचारलंस तर आइस्क्रीम आमच्याकडून, अशी पैज लागली होती. आणि या जूनमध्ये हेझल तुस्कानो कुणाच्या बापाला घाबरत नव्हती. कॅनडातल्या या मार्कहॅमच्या मुलींच्या बेसबॉल टीममध्ये तिच्याइतका जोरात बॉल टाकणारी दुसरी पिचर होतीच कुठे?

कोच मॅक्लाऊड वही गुडघ्यावर ठेवून बसले होते. डाव्या मुठीत त्यांचा तो क्लिकर. पिचरनं बॉल टाकला की अंगठ्यानं दाबायचा, टक्, आकडा एकानं पुढं. पोरींचे हात जपायला एकीनं आठवड्यात किती बॉल टाकायचे, याचा नियमच होता. हेझलचे आज बावन्न झाले होते.

"अकरा," कोच म्हणाले.

"अकरा मॅचेस?"

"अकरा बॉल."

बाकावरचं खिदळणं थांबलं.

"अठराव्या वर्षी एका क्लबनं मला उचललं. मग सगळ्यात खालची लीग, तिच्यावरची, तिच्यावरची. प्रत्येक वेळी नवं गाव, तीच खटारा बस आणि डब्यात पीनट बटर. सात वर्षं. एका ऑगस्टमध्ये फोन आला, वर पिचर कमी पडलाय, उद्या विमान पकड. आईला कळवलं तर ती अर्धा तास नुसती रडली. फोनचं बिल मी भरलं."

"मग?" हेझल पैज विसरून गेली होती.

"पहिले दोघे आउट. तिसऱ्याला टाकताना..." त्यांनी उजवी बाही वर सरकवली. कोपराच्या आतल्या बाजूला एक लांब पांढरा वण होता. "आठवडाभर दुखत होतं. बोललो नाही. बोललो असतो तर दुसऱ्याला बोलावलं असतं ना! मग ऑपरेशन, परत खालच्या लीग, परत ती बस. दोन वर्षांनी त्यांनी मला सोडलं. आता हिवाळ्यात स्केटिंगच्या रिंकवरचा बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवतो. झकास गाडी आहे. तिला कोपर नाही."

पोरी हसल्या. हेझलही हसली, पण थोडी उशिरा.

सगळ्या पार्किंगकडे पांगल्यावर ती ग्लोव्ह उचलायला परत आली. कोचनी मान वर न करताच हवा हुंगली.

"मलम," ते म्हणाले. "मीपण चोळायचो. हिरव्या डबीतलं."

हेझलनं हात पाठीमागं नेला.

"हा क्लिकर," त्यांनी तो तिच्यासमोर धरला, "माझ्या डोळ्यांदेखत पडलेलेच बॉल मोजतो, बरं का."

शाळेच्या टीममध्येही पिचर तीच. तिथले सर त्यांचे वेगळे मोजायचे. परवा गुरुवारी तिथं अडुसष्ट झाले होते. इथले आकडे तिनं तिथं सांगितले नव्हते, तिथले इथं नाहीत. दोघांच्याही वह्यांत हेझल अगदी नियमात बसत होती.

"उद्या प्रॉव्हिन्सच्या टीमचे सिलेक्टर्स येणार," ती पुटपुटली.

"येणार. पिचर कोण, ते मी अजून लिहिलेलं नाही. संध्याकाळी फोन कर." ते उठले, क्लिकर तिच्या ग्लोव्हमध्ये टाकला आणि बॅटांची पिशवी खांद्यावर घेऊन चालू लागले.

घरी डॅडी ड्राइव्हवेवर थंड बाटल्या न्यायचा कूलर धूत होते. किचनमध्ये मम्मीनं उद्याच्या पोटॅटो चॉप्ससाठी खिमा शिजत ठेवला होता. वास पार गराजपर्यंत आला होता.

"काय गो बाय, हात कसा आहे?" डॅडींनी पाइप बंद केला. "आपल्या चर्चच्या पॅरिशमधली सतरा जणं येणारेत तुला बघायला! फ्रँकलिन अंकल तर ओटावाहून निघाले पण."

"आधी तिला आत तर येऊ दे, बेसिल," मम्मी दारातून म्हणाली.

हेझलनं बूट काढले. मग उगाच ते नीट जोडीनं ठेवले, जे तिनं जन्मात कधी केलं नव्हतं. मम्मी बघतच राहिली.

"मम्मी, डॅडी. मी उद्या पिच करणार नाहीये."

"अगो, पण सिलेक्टर्स..." डॅडी म्हणाले.

"माहितीये. माझं कोपर दुखतंय. तीन आठवडे झाले. तुझं मलम मीच संपवलं, मम्मी."

मम्मीनं पुढं होऊन तिचा हात धरला, आणि हळूच कोपर तळव्यात घेतलं. डॅडी कूलरकडे बघत राहिले. त्यातून पाणी गळत होतं.

"मग आता त्या सतरा जणांना काय सांगू?" कूलर उपडा करत ते म्हणाले.

"या म्हणून सांगा ना! ऊर्मीचं नाव सुचवणारेय मी कोचना. ती पहिल्यांदाच टाकेल, बिचारीसाठी कुणीतरी ओरडायला हवंच." हेझलनं ग्लोव्हमधून क्लिकर काढला आणि अंगठ्यानं मागे फिरवत आकडा शून्यावर आणला. "आणि मी मोजायला बसणारेय. तिचा एकपण बॉल सुटणार नाही."