फसफसला की फसला?

मोबाईलवर सगळे प्रयोग दिसतात, मग प्रयोगशाळा हवी कशाला, असं मोठ्या बाईंचं म्हणणं. व्हिडिओत काच फुटत नाही, आम्ल सांडत नाही. त्यांना त्या खोलीत संगणक मांडायचे होते. मी म्हटलं, "एक तास येऊन बसा. व्हिडिओतलाच प्रयोग करते. पटलं नाही तर मी स्वतः कुलूप लावते."

माझी जीभ ही अशी, डोक्याच्या आधी धावते. पण ती खोली गेली असती तर शिकवण्यात माझा जीव उरला नसता, हेही खरं.

कार्बोनेटवर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड निघतो, हा धडा. संगमरवराच्या तुकड्यांची बरणी रिकामी होती. पुस्तकात लिहिलंय, खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खडूंना शाळेत काय तोटा? फळ्याखालचा एक उचलला, परीक्षानळीत टाकला आणि वर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं.

काही झालं नाही. दोन-चार बुडबुडे आले, तेही आत अडकलेल्या हवेचे. मोठ्या बाई मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"बाई, फसफसला नाही," पुढची एक चुरचुरीत मुलगी म्हणाली. "नुसताच फसला."

वर्ग खिदळला. माझे कान तापले. एक मन म्हणालं, विषय बदल. दुसरं म्हणालं, आता माघार घेतलीस तर कुलूप आणायला निघ. मी दुसऱ्या मनाचं ऐकलं.

"कोण फसवतंय? आम्ल की खडू?" मी विचारलं.

त्याच मुलीनं आम्लात निळा लिटमस बुडवला. लाल झाला. आम्ल चोख होतं.

"मग खडूच खोटा," ती म्हणाली.

"पुस्तकात खडू आहे, फळ्याखालीही खडू आहे. दोन्ही एकच, हे कुणी सांगितलं?" हे विचारताना माझ्याच डोक्यात उजेड पडला. फळ्याचे खडू जिप्समचे. जिप्सम म्हणजे सल्फेट, कार्बोनेट नव्हे. दिसतं तसं नसतं, म्हणूनच जग फसतं. मी वर्गाला स्पष्ट सांगितलं, "चूक माझी. नावाला भुलले. आता खरं कार्बोनेट शोधा, जवळपास मिळेल."

एकानं डब्यातल्या अंड्याचं कवच आणलं. मी ते नव्या नळीत टाकून आम्ल ओतलं, परीक्षानळीच्या तोंडाला वायू नेणारी नळी लावली आणि दुसरं टोक चुन्याच्या निवळीत बुडवलं. कवच असं फसफसलं की फेस नळीत वर चढला. निवळी दुधाळ झाली, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच. वर्ग बाकांवरून उठून टेबलाभोवती गोळा झाला.

मोठ्या बाईही पुढे आल्या. "व्हिडिओत तर खडूच फसफसत होता," त्या म्हणाल्या.

"त्यांचा खडू वेगळा असेल. तो कशाचा, हा प्रश्न तेव्हा पडला होता तुम्हाला?"

त्यांनी दुधाळ निवळी उचलून उजेडात धरली.

"नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता पडला." मग त्यांनी बाही वर सारली. "संगणकांचं मी दुसरीकडे बघते. मला एक नळी द्या."