तीन नंबरचं भूज

मंगळवारी संध्याकाळी वसंतराव पेन्सिलीला टोक काढून बसले. सुरतेतल्या उधन्याच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलेला माणूस. कुठलाही फॉर्म आधी पेन्सिलीनं, मग शाईनं. लेकीच्या, अनुजाच्या, एमडी प्रवेशाचा पसंतीक्रम मोबाइलवर भरायचा होता, तरी त्यांना कागद लागलाच. कॉलेज एकच, कॅम्पस तीन.

“एक, सुरत. दोन, बारडोली. तीन, भूज. भूज आपलं नावाला. तिथं कोण जातंय!”

“बारडोलीला गेली तर कारखान्याची साखर तरी आणेल,” स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोनं, अलकाताईंनी टोला मारला.

“बरोबर ना गं अनु?” वसंतरावांनी विचारलं.

अनुजानं हो म्हणून मान हलवली. तिला भूजच हवं होतं. सव्वीस वर्षांत ती एकदाही घराबाहेर राहिली नव्हती. पण बाबांनी सुरतेखाली दोनदा रेघ ओढली होती. उद्या सांगू, तिनं ठरवलं.

सकाळी बूट घालता घालता बाबा कोसळले, ते उठले नाहीत.

मग घर माणसांनी भरलं. कुणी भेटायला आलं की ती उठायची, गेलं की फोनवर ती यादी उघडायची. बाण दाबला की भूज वर, पुन्हा दाबला की खाली. पाणी प्यायची, गॅलरीत जायची, परत येऊन दाबायची. यादी पक्की करायची मुदत पुढच्या शुक्रवारी पाचपर्यंत. दहावा त्याच दिवशी.

तापीकाठी पिंड ठेवून दोन तास झाले. कावळे कठड्यावर बसून होते, एकही शिवेना.

“दादाला चहा लागायचा, चहा ठेवा,” धाकटे सखारामकाका म्हणाले. चहा ठेवला. तो निवला. मग काका हात जोडून पुढे झाले. “दादा, वहिनीची काळजी करू नकोस. अनु सुरतेतच राहील, तिच्याजवळ.”

एका कावळ्यानं मान वाकडी केली, बस्स.

“अनु, तूच सांग बाई. तुझ्यातच अडकलाय जीव त्याचा,” काका म्हणाले.

कावळ्यावर तिचा विश्वास नव्हता. डॉक्टर होती ती. तरी ती पिंडासमोर येऊन उभी राहिली. ‘सुरत पक्की’ एवढंच म्हणायचं, की सगळे जेवायला मोकळे. तिनं आईकडे पाहिलं. आई पिंडाकडे नाही, तिच्याकडेच बघत होती.

“बाबा,” अनुजा म्हणाली, आणि आवाज तिचा तिलाच मोठा वाटला, “त्या दिवशी मी नुसती मान हलवली. मला सुरत नको होती. मला भूजला जायचंय. आजही.”